एक दिवस उशिराचा चाँद

नवव्या रोज्याला फकरोद्दीन दर्जी बैलगाडीतून पडला.

परतूरला रेल्वेने आलेला धागा आणि गुंड्या घेऊन तो दुपारी आष्टीकडे निघाला होता. फाटकाजवळ इंजिनाने शिट्टी मारली, बैल बिथरले आणि फकरोद्दीन उलटा खाली आला. उजवा हात अंगाखाली सापडला. गाडीवानाने त्याला घरी आणून उतरवलं तेव्हा कोपराखाली हात असा काही वाकला होता, की त्याच्या बायकोने, कमरबीने, एकदाच बघितलं आणि नजर फिरवली.

हाडं बसवणारा कचरू धनगर आला. त्याने हात ओढून सरळ केला, बांबूच्या कामट्या लावल्या, वरून पट्ट्या आवळल्या.

"सव्वा महिना हात हालवायचा न्हाई," तो म्हणाला. "हालवला तर मंग माझ्याकडं येऊ नका."

फकरोद्दीनने डोळे मिटून घेतले. सव्वा महिना! ईदीला उरले होते वीस, फार तर एकवीस दिवस.

कचेरीच्या कागदांवर फसली सन तेराशे सदतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठ्ठावीस, चालू होतं. त्या वर्षी गुढीपाडवा आणि ईद पाठोपाठ येत होते, त्यामुळे दोन्हीकडची शिलाई एकदमच आली होती. रमजान लागायच्या आधीपासून लोक कापड आणून टाकत होते. ओसरीवर मशीन, मशीनमागे फळी, आणि फळीवर छपरापर्यंत गठ्ठे. कुर्ते, पायजमे, पोरांच्या बंड्या, पाडव्याचे सदरे. निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

कमरबी मंठ्याची. लग्न होऊन सात वर्षं झाली होती. काज करणं, गुंड्या लावणं, तुरपाई हे सगळं तीच करायची. पण आत, माजघरात. फकरोद्दीन शिवलेलं कापड पडद्याखालून आत सरकवायचा, ती पुरं करून परत बाहेर सरकवायची. मशीनला तिने आजवर फडक्यानेच तेवढा हात लावला होता, धूळ पुसताना.

घरात तिसरं माणूस म्हणजे हसीनाआपा, फकरोद्दीनची थोरली विधवा बहीण. पाच वक्ताची नमाजी, कडक, आणि जिभेवर मीठ-मिरची सदा तयार. कमरबीला ती 'दुल्हन' म्हणायची. सात वर्षं झाली तरी दुल्हनच.

चौथ्या दिवशी पेठेतली दोन माणसं ओसरीवर आली. फकरोद्दीनची विचारपूस केली, अल्ला शिफा देवो म्हणाली, आणि मग जरा घुटमळत मुद्द्यावर आली.

"फकरूभाई, आमचं कापड परत द्या. मंठ्याला नेऊन टाकतो. पोरांची ईद हाय, तुमी समजून घ्या."

पडद्याआड कमरबी गहू निवडत बसली होती. नवऱ्याचा आवाज तिला ऐकू आला. एरवी हा माणूस ओसरीवर बसून अख्ख्या पेठेशी हुज्जत घालायचा. आता त्याचा आवाज पाण्यात भिजलेल्या कागदासारखा झाला होता. "न्या," तो म्हणत होता. "बराबर हाय तुमचं. न्या."

दोघांनी नेलं की दहा येतील, हे तिला उमगलं. दहा आले की फळी मोकळी. आणि एकदा मंठ्याच्या शिंप्याकडे गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा आष्टीत कशाला येतंय?

"कापड न्हाई मिळणार," ती पडद्याआडून बोलली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. "बेतून झालंय. तुमच्या पोरांच्या मापाचं कापलंय. मंठ्याला नेऊन काय करता?"

कापलेलं कापड दुसरा शिंपी हातात घेत नाही, हे सगळ्यांना माहीत. दोघं कुजबुजले आणि "बरं, बघा मंग, ईदीच्या आत द्या" असं म्हणून उठले.

माणसं पाठमोरी झाल्याबरोबर हसीनाआपा गरजली. "रोज्यात खोटं बोलली! तोंडात रोजा आणि त्याच तोंडाने खोटं!"

कमरबी ओसरीवर आली, फळीवरून तोच गठ्ठा ओढला, कातर उचलली. "आपा, आत्ता खरं करते," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अजी, माप सांगा जल्दी."

फकरोद्दीन बघतच राहिला. तिने खडूने रेघ ओढली, रेघ वाकडी गेली. पुसून पुन्हा ओढली. मग तो खाटेवरूनच सांगू लागला: इथं दोन बोटं सोड, बगलेत जोडायची तिकोनी कळी आडवी घे, गळा आधी लहानच काप, मोठा केव्हाही करता येतो. कातर कापडातून करकरत गेली. दुपारच्या नमाजेपर्यंत दोन कुर्ते बेतून झाले होते, आणि तिचं खोटं खरं झालं होतं.

मशीन मात्र ऐकेना. हातमशीन ते, उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्याने कापड पुढे सारायचं. आधी तिने चाक फिरवलं आणि फकरोद्दीनने डाव्या हाताने कापड सारलं. दोन माणसांचं चित्त एका सुईवर बसेना. टीप सापासारखी वळवळत गेली, धागा तुटला, दोघं एकमेकांवर खेकसले. शेवटी ती म्हणाली, "तुमी सरका. गिरेन तर एकटी गिरेन."

दोन दिवस तिने नुसत्या चिंध्यांवर टिपा मारल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची गोजरबाई भिंतीला वळसा घालून आली. शेतकऱ्याच्या घरची बाई, आवाज शेतावरून हाक मारल्यासारखा. तिने खणाचा तुकडा कमरबीच्या मांडीवर टाकला.

"माझी पाडव्याची चोळी शिव."

"गोजरबाई, मला अजून येत न्हाई गं. बिघडंल."

"बिघडली तर मी घालणार हाय, गाव न्हाई घालणार. आन् ऐक, माझं माप नीट घे. तुज्या नवऱ्यापुढं जुनी चोळीच टाकावी लागायची मापाला. ती चार वर्साखालची. मी काय चार वर्साखालची राह्यले का?"

फकरोद्दीनने खाटेवर तोंड भिंतीकडे करून घेतलं. कमरबीने माप घेतलं आणि हसता हसता ती रोज्याची तहान विसरली. चोळी अंगाला अशी बसली, की गोजरबाई दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना ती सगळ्यांना दाखवत बसली.

मग दिवस भराभर गेले. पहाटे सहरीचे चार घास झाले, फज्रची नमाज झाली, की उजाडल्याबरोबर कमरबी मशीनवर बसायची. फाल्गुनाचं ऊन दहा वाजताच ओसरी तापवायचं. जीभ टाळूला चिकटायची, धागा ओला करायला तोंडात थुंकी नसायची. सूर्य कलायला लागला की बोटं आपोआप मंद व्हायची. मगरीबची अजान, एक खजूर, पाण्याचा घोट. तो घोट पायाच्या नखापर्यंत गेल्याचं कळायचं.

मशिदीत थोडी कुरकुर झाली. फकरूची बायको ओसरीवर बसून मर्दांचे कपडे शिवून राह्यली, हे बरं दिसतं का? ती कुरकुर हसीनाआपाने घरी आणली आणि वर स्वतःचीही भर घातली. पण त्याच संध्याकाळी तिने जुनी चटई शोधून काढली आणि ओसरीच्या तोंडाला टांगली. "आता काय शिवायचं ते आत शीव," ती म्हणाली, आणि सुई-दोरा घेऊन काज करायला बसली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी काज एकसारखे पडत होते.

पंचविसाव्या रोज्याला कमरबीने शेरवानी हातात घेतली.

शेरवानी होती निजामोद्दीन मौलवीसाहेबांची. चाळीस वर्षं उर्दू मदरशात पोरांना शिकवून ते आता घरी बसले होते. ईदीची नमाज तेच पढवायचे. त्यांची जुनी शेरवानी कोपरात विरली होती. हैद्राबादेत नोकरीला असलेल्या मुलाने काळं, एका बाजूने चमकणारं अल्पाका कापड पाठवलं होतं, एकच शेरवानी होईल एवढं. असलं कापड आष्टीत सोडा, जालन्याच्या पेठेतही सहजी मिळालं नसतं. फकरोद्दीनने पाठ आणि पुढचे पाट अपघाताआधीच कापून ठेवले होते. राहिल्या होत्या बाह्या.

त्या दिवशी फकरोद्दीनला ताप होता, तो झोपला होता. उठवायला नको म्हणून कमरबीने स्वतःच बाह्या बेतल्या. कापडाचे दोन तुकडे, दोन्हींची चमकती बाजू वर, एकावर एक ठेवले, खडू मारला, कातर चालवली. कच्चे टाके घालायला बसली तेव्हा डावी बाही बसली. उजवी घेतली. ती उजव्या खांद्याला काही केल्या लागेना. फिरवली, उलटवली, पुन्हा लावली. मग तिच्या ध्यानात आलं.

तिने दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या.

एक उलटी करून लावावी म्हटलं, तर कापडाची आतली बाजू निस्तेज. उन्हात धरल्याबरोबर एक बाही चमकायची, दुसरी मेलेली दिसायची. कमरबी शेरवानी मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला रडू आलं नाही.

फकरोद्दीनला कळलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "मी जाऊन सांगतो. मीच कापलं म्हणतो, तापात चुकलो म्हणतो. तुझं नाव येणार न्हाई."

"रोज्यात खोटं?" ती म्हणाली. "एकदा बोलले, ते खरं करायला कापड होतं. हे कसं खरं करणार?"

तिने चादर घेतली. एकटीने जायचं बरं दिसेना, म्हणून हसीनाआपाकडे बघितलं. आपा उठली.

मौलवीसाहेब अंगणात कुराण वाचत बसले होते. कमरबीने दोन्ही बाह्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने बाह्या उचलल्या, एक डाव्या हाताला लावून बघितली, दुसरी उजव्याला. बोटांनी कापड चाचपलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे मला दोन डावे हात असते तर बिलकुल बराबर बसली असती," ते म्हणाले.

हसीनाआपाच्या घशातून कसलासा आवाज निघाला. ते हसू होतं की खोकला, कमरबीला कळलं नाही.

"मुलाने पाठवलेलं कापड होतं," कमरबी म्हणाली. "माझ्याने बरबाद झालं. तुमी म्हणाल ती सजा."

"सजा कसली? चाळीस वर्षं मी पोरांच्या पाट्या तपासल्या. चूक पाठीमागे लपवणारी पोरं रोज बघायचो. पाटी पुढं करून 'चुकलं' म्हणणारं पोर वर्षाला एखादं." त्यांनी बाह्या तिच्यापुढे सरकवल्या. "आता उपाय सांग. कापलीस तू, तर उपायही तूच शोधला असशील."

तिने शोधला होता; वाटेत येताना सुचला होता. चुकलेल्या बाहीवर साचा उलटा ठेवला तर त्यातून खरी उजवी बाही निघत होती, पण चार बोटं आखूड. मग डावीही चार बोटं आखूड करायची, आणि उरलेल्या कातरणांतून दोन्ही मनगटांना वेगळी पट्टी लावायची. जोड लपवायचा नाही, दोन्हीकडे सारखा दाखवायचा. तिची आई मंठ्यात गोधड्या शिवायची. चिंध्यांना चिंध्यांसारखं दिसू द्यायचं नसेल तर त्या जोडीने लावायच्या, हे कमरबीने लहानपणीच बघितलं होतं.

"ईदीपर्यंत होईल?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"चाँद तीसचा झाला, एक दिवस जास्त मिळाला, तर होईल. एकोणतीसचा झाला तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

मौलवीसाहेब मोठ्याने हसले. "बाई, चाँद काही माझ्या मदरशात न्हाई, की मी सांगेन आणि तो थांबेल."

घरी परतताना आपा वाटेत एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं रडशील." आणि घरात गेल्यावर तिने कमरबीच्या वाट्याची भाकरी स्वतः थापली. सात वर्षांत पहिल्यांदा.

एकोणतिसाव्या रोज्याला पाडवा होता. सकाळी गोजरबाईच्या दारी गुढी उभी राहिली. कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि शेंड्याला कोरं लुगडं. गोजरबाई नवी चोळी घालून साखरगाठीचा एक पदर घेऊन आली. "रोजा सुटल्यावर खा," म्हणत तिने तो खुंटीला अडकवला. पाडव्याचे सदरे सगळे गेले होते. ईदीचेही जवळजवळ झाले होते. मशीनवर उरली होती शेरवानी. बाह्या लागल्या होत्या, पण मनगटाच्या पट्ट्या बाकी, कॉलर बाकी, अस्तर बाकी.

संध्याकाळी सगळी आळी माळवदांवर चढली. पश्चिमेला आभाळ लाल, मग पिवळं, मग राखेच्या रंगाचं झालं. पोरं ओरडायची, "तो बघ, तो बघ!" आणि बघायला गेलं की काहीच नसायचं. मशिदीच्या छतावरून कुणीतरी हात हलवला: नाही. चाँद दिसला नाही. उद्या तिसावा रोजा.

पोरांनी गळे काढले. बायकांनी भिजवलेला सुकामेवा झाकून ठेवला. खालच्या आळीतून कुणीतरी वैतागून म्हणालं, आता आणखी एक दिवस. कमरबी माळवदाच्या कडेला उभी होती, आणि तिच्या ओठांवर हसू फुटत होतं. ते आवरेना.

"दुल्हन," हसीनाआपा कानाशी म्हणाली, "तोंड झाक. गाव रडून राह्यलंय आणि तू हसून राह्यलीस."

कमरबीने पदर तोंडावर ओढला. तिला लाज वाटली. सगळ्यांची ईद एक दिवस लांबली याचा आनंद मानावा, हे काही चांगलं लक्षण नव्हे. नमाजेला बसल्यावर तिने त्याची माफी मागितली. माफी मागता मागता पुन्हा हसू आलं, तेव्हा तिने त्या हसण्याचीही माफी मागितली.

तिसाव्या रोज्याला ती उजाडल्यापासून मशीनवरून उठली नाही. आपा अस्तराला टाके घालत होती, फकरोद्दीन डाव्या हाताने धागा कापून देत होता. दुपार कलली तेव्हा शेवटची गुंडी लागली. फकरोद्दीनने शेरवानी उजेडात धरली. मनगटांवरच्या पट्ट्या अशा दिसत होत्या, जणू हैद्राबादेत तशीच रीत निघाली असावी.

"जोड दिसतो," तो म्हणाला.

"दिसू द्या."

"दिसतो, आणि चांगला दिसतो." त्याने शेरवानीची घडी घातली, एका हाताने आणि हनुवटीने. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी असं केलं नसतं. मी नवं कापड आणायला जालन्याला पळालो असतो, आणि ते मिळालं नसतं."

त्या संध्याकाळी चाँद शोधावा लागला नाही. सूर्य बुडाला आणि तो कडुलिंबाच्या वर, पातळ, स्वच्छ, वाट बघत असल्यासारखा लटकला होता. गावभर सलाम सुरू झाले.

ईदीच्या सकाळी फितरा म्हणून मापाने गहू मोजून गरिबांच्या घरी गेला. पुरुष नहाले, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया. एकेक खजूर तोंडात टाकून तकबीर म्हणत नदीकाठच्या ईदगाहकडे निघाले. बायका घरी. कमरबीने चुलीवर दूध आटायला ठेवलं, शेवया तुपात परतल्या, आणि आपाला म्हणाली, "जरा दूध बघा, मी आले."

माळवदावरून ईदगाह दिसायचा. लिंबांच्या सावलीत रांगा लागत होत्या. एरवी तिला ते सगळं पांढरं पांढरं दिसायचं. आज तिला एकेक कुर्ता ओळखू येत होता. तो गळा जरा मोठा झालेला. तो पायजमा दोनदा उसवलेला. ती बंडी, जिच्या बगलेत कळी उलटी लागली होती आणि कुणाला कळलं नव्हतं. पुढे, सगळ्यांच्या पुढे, काळी शेरवानी. मौलवीसाहेबांनी हात कानापर्यंत नेले तेव्हा कमरबी माळवदाच्या कडेशी सरकली. रांगा वाकल्या. मग सजद्यात गेल्या, शेकडो पाठी एकदम. तिला वाटलं, आता उसवणार. कुठेतरी टर्रकन आवाज येणार.

वाऱ्याशिवाय कसलाच आवाज आला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा ती खाली बसली आणि बसल्या जागी दुवा मागितली. काय मागितलं हे तिला नंतर आठवलं नाही.

फकरोद्दीन दुसऱ्या वाटेने परत आला, जाताना एक वाट आणि येताना दुसरी, रिवाजाप्रमाणे. दारातच त्याने डावा हात वर करून बगल दाखवली. शिवण उसवून आतलं अंग दिसत होतं.

"या अल्ला!" कमरबी म्हणाली. "कशाने?"

"गळाभेटीत. पेठेतल्या दोघांनी असं आवळलं, की बस्स. पण घाबरू नको. हा जुना कुर्ता, तीन वर्षांखाली मीच शिवलेला. तुझी एक टीप गेली न्हाई कुठली. अख्ख्या गावात उसवला तो फकरोद्दीन दर्ज्याचाच माल."

तेव्हा कुठे तिला आठवलं, की घरातल्या कुणाचेच नवे कपडे शिवून झाले नव्हते. तिच्या अंगावर लग्नातला दुपट्टा होता, आपाच्या अंगावर रोजचीच ओढणी. हसीनाआपा म्हणाली, "चूल बघा आधी, नव्या कपड्याचं नंतर," आणि शीरखुर्म्याचे वाडगे भरायला लागली. पहिला वाडगा तिने झाकून भिंतीपलीकडे गोजरबाईकडे पाठवला, दुसरा कचरू धनगराकडे.

दुपारी मौलवीसाहेब स्वतः आले. ओसरीवर चटईच्या बाहेर बसले, दोन वाडगे शीरखुर्मा खाल्ला आणि मनगट पुढे करून फकरोद्दीनला म्हणाले, "चार जणांनी विचारलं, ही पट्टी कुठली फॅशन. मी सांगितलं, आष्टीची." चटईच्या आत कमरबीने ऐकलं.

फकरोद्दीनचा हात जुळला, पण थोडा वाकडा. चाक फिरवायला लागला की दुखायचा. मग घरात आपसूकच वाटणी झाली: बेतायचं त्याने, शिवायचं तिने, काज आपाचे. मशिदीतली कुरकुर पाऊसकाळापर्यंत विरली. ओसरीवर चटईच्या जागी बारीक काड्यांचा पडदा, म्हणजे चीक, आला. आणि चिकेच्या आत बायका यायला लागल्या, मराठ्यांच्या, वाण्यांच्या, मोमिनांच्या. कारण माप घेणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती. गोजरबाईने आपली सून, उषाबाई, कमरबीच्या हाताखाली शिकायला बसवली. पहिल्याच आठवड्यात उषाबाईने दोन डाव्या बाह्या कापल्या. कमरबीने तिला रागावलं नाही. नुसतं आपाकडे बघितलं, आणि या वेळी आपा उघड उघड हसली.

पुढच्या साली रमजान लागायच्या आधी कमरबीने पेठेत निरोप फिरवला: पंधराव्या रोज्यानंतर कापड घेतलं जाणार नाही, म्हणजे नाही. विसाव्या रोज्याला चिकेबाहेर अकरा माणसं गठ्ठे घेऊन उभी होती. आपाने त्यांना चांगलंच सुनावलं. तिचं बोलणं संपेपर्यंत कमरबीने चिकेखालून हात बाहेर काढला आणि पहिला गठ्ठा आत ओढून घेतला.